टर्बो पेट्रोल गाडी आणि गोव्यातला पंप: कमी ऑक्टेन भरावे लागले तर

गोव्यात पिकअप म्हटली की ती डिझेलचीच, हे सगळे गृहीत धरून चालतात. हायलक्स, व्ही-क्रॉस, खाणीवरचे टिपर, बाजाराला भाजी आणणाऱ्या छोट्या मालगाड्या, बहुतेक सगळ्या डिझेलवर. तुमची गाडी त्यांतली असेल तर पुढे वाचू नका. डिझेलला सिटेन (डिझेल किती सहज पेटते त्याचे माप) लागते, ऑक्टेन या पेट्रोलच्या मापाशी त्याचा संबंध नाही. हा लेख आहे पेट्रोल टर्बोची थार किंवा स्कॉर्पिओ-एन नुकतीच घेतलेल्यांसाठी, आणि त्याहून जास्त, परदेशी बनावटीची मोठ्या इंजिनाची पिकअप सेकंडहँड हाती आलेल्यांसाठी. पंपावर "साधे की प्रीमियम?" असे विचारले की यांतले निम्मे लोक मागे बसलेल्या मेव्हण्याकडे बघतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. भारतात विकलेली आणि कंपनीतून निघाली तशीच असलेली गाडी साध्या पेट्रोलवर चालावी अशीच सहसा बांधलेली असते. आयात केलेल्या किंवा रीमॅप केलेल्या (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदललेल्या) गाडीत मात्र कमी ऑक्टेन म्हणजे पिस्टनशी खेळ. तुमची गाडी यांपैकी कुठे बसते ते शोधायला एक संध्याकाळ पुरते.

सोबत हे ठेवा:
- गाडीची मूळ पुस्तिका. सेकंडहँड गाडीत ती नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच वर्षाची, त्याच इंजिनाची आणि त्याच देशासाठीची उतरवून घ्या.
- सर्व्हिस बुक आणि वॉरंटीचे कागद
- आधीच्या मालकाने रीमॅप केला असल्यास त्याचा कागद किंवा ट्यूनरने पाठवलेला मेसेज
- ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे छोटे यंत्र), ब्लूटूथचा साधाही चालेल, आणि मोबाईलवर त्याचे ॲप
- पंपाची बिले. छापील घ्या आणि त्यावर पेट्रोलचे नाव आले आहे का ते तिथेच पाहा.

१. झाकणाच्या आतला आकडा लिहून घ्या

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर ९१, ९५, ९८ असा आकडा असतो, कधी 'ई१०' किंवा 'ई२०' (चालणाऱ्या इथेनॉलची टक्केवारी) असेही. फोटो काढून ठेवा. स्टिकर गेला असेल तर पुस्तिकेतले इंधनाचे पान काढा. शोरूममधल्या विक्रेत्याचे तोंडी उत्तर धरू नका. "काहीही घाला, चालते" हे वाक्य गाडी विकताना सगळेच म्हणतात.

२. आकडा कुठल्या मोजणीचा ते ओळखा

सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आणि उष्णतेत पेट्रोल आपणहून पेटण्याला किती विरोध करते त्याचे माप. शुद्ध आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य असे धरून एका ठरलेल्या चाचणी इंजिनात ते मोजतात. त्या इंजिनावर दोन वेगळ्या चाचण्या होतात. 'रॉन' ही सौम्य, ६०० आरपीएमवर. 'मॉन' ही कडक, ९०० आरपीएमवर आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून. एकाच पेट्रोलचा मॉन त्याच्या रॉनपेक्षा साधारण ८ ते १० ने कमी येतो.

भारतात आणि युरोपात पंपावर रॉन सांगतात. अमेरिकेत रॉन आणि मॉन यांची सरासरी सांगतात, तिला 'एकेआय' म्हणतात. आता आपल्या मानकाचे आकडे घ्या. बीएस-६ (भारत स्टेज ६) च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ रॉन आणि ८१ मॉन, प्रीमियमला किमान ९५ रॉन आणि ८५ मॉन. सरासरी काढली की:

- आपले ९१ म्हणजे अमेरिकी मोजणीत ८६
- आपले ९५ म्हणजे अमेरिकी मोजणीत ९०
- अमेरिकेतले साधे ८७ म्हणजे आपल्याकडचे ९१ ते ९२ रॉन
- अमेरिकेतले प्रीमियम ९१ म्हणजे आपल्याकडचे ९५ ते ९६, आणि त्यांचे ९३ म्हणजे आपल्याकडचे ९७ ते ९८

आता समजा अमेरिकी पिकअपच्या पुस्तिकेत '९१' लिहिले आहे. मालक पंपावर ९१ विचारतो, पोरगा हो म्हणतो, टाकी भरली जाते. दोघांनीही आकडा बरोबर सांगितला, तरी इंजिनाला हवे होते त्यापेक्षा पाच अंकांनी हलके पेट्रोल पोटात गेले. अमेरिकी गाडी असेल तर पुस्तिकेतल्या आकड्यात चार-पाच मिळवा आणि तो रॉन समजा. युरोपीय किंवा जपानी गाडीच्या पुस्तिकेत बहुधा रॉनच लिहिलेला असतो, त्यात काही मिळवायचे नाही. आखाती देशांतून आलेल्या गाड्यांचेही तसेच.

३. 'हवेच' की 'चांगले'?

पुस्तिकेतले क्रियापद नीट वाचा. 'आवश्यक' लिहिले असेल तर त्याखाली जायचे नाही, गेलात तर फक्त जवळच्या योग्य पंपापर्यंत. 'शिफारस' लिहिले असेल तर त्याच पानावर एक किमान आकडाही दिलेला असतो, आणि तिथपर्यंत इंजिन स्वतःला सांभाळून घेते.

सांभाळते कसे? इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. ठिणगी पडल्यावर ज्वाळा पसरते, पण कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्वाळा पोहोचण्याआधीच स्वतः पेटले तर धक्क्याच्या लाटा उठतात. ते नॉकिंग. सेन्सर ते कंप पकडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचे टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. टर्बो असेल तर बूस्टही (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) कमी करतो. इंजिन वाचते, पण गाडीचा जोर जातो, मायलेज घसरते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो, कारण जळण उशिरा होते आणि उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी बाहेर पडते. पाच मिनिटे असे चालले तर काही होत नाही. चार माणसे आणि सामान घेऊन तासभर घाट चढताना तेच चालू राहिले तर टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतात.

रीमॅप केलेल्या गाडीला हे संरक्षण अर्धेच उरलेले असते. पुण्या-बंगळुरात 'स्टेज वन' (रीमॅपची पहिली पायरी) करून आणलेली गाडी कुठल्या ऑक्टेनवर ट्यून केली आहे हे ट्यूनरकडून लेखी घ्या. ९७ किंवा ९९ वर केली असेल तर ९५ सुद्धा तिच्यासाठी कमीच. बरेच ट्यूनर कमी ऑक्टेनची वेगळी फाईलही देतात, ती मागून घ्या. देत नसेल तर गोव्यात ती गाडी मूळ मॅपवर चालवलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंपावर हमखास मिळत नाही अशा पेट्रोलवर रोजची गाडी ट्यून करण्यात काय शहाणपण?

४. आपल्या पंपावर काय मिळते ते पाहून ठेवा

साधे पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०० च्या वर असल्यामुळे मिश्रणाचे ऑक्टेन चढते. ई२० चा रॉन ९५ असल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. तरी साध्या पेट्रोलच्या नोझलवर आकडा लिहिलेला दिसला नाही तर मी हिशोबात ९१ च धरतो. 'आवश्यक ९५' वाल्या गाडीचा जीव अंदाजावर टाकायचा नसतो.

प्रीमियममध्ये इंडियन ऑइलचे एक्सपी९५ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर९५ यांच्या नावातच आकडा आहे. आकडा नावात नसेल तर विचारा. काही महागडी पेट्रोले फक्त इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने घालून विकली जातात, त्यांचे ऑक्टेन साध्याइतकेच असू शकते. एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत सुरू झाले. त्याचा भाव साध्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि ते मोजक्याच पंपांवर मिळते, म्हणून त्याच्या भरवशावर निघण्याआधी पंपाला फोन करा.

इथेनॉलची दुसरी बाजूही बघा. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ई२० वर मायलेज थोडे पडते. ते नॉकिंगमुळे पडले असे समजून घाबरू नका. आयात गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा मात्र नक्की वाचा. अमेरिकी गाड्यांत ती बहुधा १० किंवा १५ टक्के असते, आणि 'फ्लेक्स फ्युएल' लिहिलेली गाडी ८५ टक्क्यांपर्यंत घेते.

गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता, तेव्हापासून बांदा-दोडामार्गकडची मंडळी टाकी भरायला गोव्याची हद्द ओलांडून येतात. नंतर व्हॅट परत चढला, फरक तरी टिकला. सांगायचे कारण इतकेच की वाचलेले पैसे ९५ साठी वापरा. टाकीमागे जो फरक पडतो तो एका इंजेक्टरच्या किमतीपुढे काहीच नाही.

५. कमी ऑक्टेन घालावेच लागले तर मिसळून घाला

दोन पेट्रोलांचे ऑक्टेन ढोबळमानाने प्रमाणात मिसळते. टाकीत ३० लिटर ९५ आहे आणि वर ३० लिटर ९१ घातले तर साधारण ९३ मिळते. म्हणून टाकी पाव उरली की भरायची सवय लावा, रिकामी होऊ देऊ नका. कमी ऑक्टेन पूर्ण टाकीभर कधी घेऊ नका, पुढच्या योग्य पंपापर्यंत पुरेल इतकेच घ्या. म्हणजे तिथे पोचल्यावर चांगले पेट्रोल घालायला जागाही उरते.

चोर्ल्याने बेळगावला जायचे तर साखळीत आणि अनमोडने जायचे तर फोंड्यात टाकीचा विचार करून घ्या. घाटात पोचल्यावर पर्याय उरत नाही.

६. घाट कसा चढायचा

नॉकिंगला चार गोष्टी आवडतात: जास्त भार, कमी आरपीएम, गरम हवा आणि गरम इंजिन. केरीहून चोर्ला चढताना या चारही एकत्र येतात, एप्रिल-मेच्या दुपारी तर हमखास.

आपल्याकडे चालवण्याची एक सवय आहे. पेट्रोल वाचावे म्हणून वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत न्यायची. साध्या इंजिनात ते खपून जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात १,५०० ते २,००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून धरला तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. हा प्रकार नॉकिंगपेक्षा वाईट. टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही, आणि एकाच जोरदार फटक्यात पिस्टनची रिंग बसते तो कडा तुटू शकतो.

म्हणून कमी ऑक्टेन टाकीत असताना:
- एक गिअर खाली ठेवा, आरपीएम २,५०० ते ३,५०० मध्ये राहू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड घ्या.
- ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर नेऊ नका. मागचा बसवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे. रुंद वळणावर त्याला पुढे जाऊ द्या.
- मागे बोट किंवा ट्रेलर ओढत असाल तर घाट टाळा. तो भार योग्य पेट्रोल असतानाच घ्या.
- शक्य असेल तर सकाळी लवकर निघा.

पावसाळ्यात गोव्याच्या हवेतला दमटपणा इथे उलट मदतीला येतो. हवेत बाष्प जास्त असले की नॉकिंगची प्रवृत्ती किंचित कमी होते. उन्हाळ्यात ती सवलत मोठी नसते, कारण हवा दमट असली तरी तापलेलीही असते.

७. नॉकिंग ओळखा

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई आणि गल्लीतल्या मेकॅनिकला तो दुरून कळे. आजच्या गाडीत काचा बंद, एसी चालू, इंजिनावर जाड कव्हर. आवाज यायच्या आधीच ईसीयू टायमिंग मागे घेऊन मोकळा होतो. म्हणून कानावर भिस्त ठेवू नका, स्कॅनर लावा.

ॲपमध्ये तीन आकडे पाहा: इग्निशन टायमिंग, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि कूलंटचे तापमान. नॉकमुळे टायमिंग किती अंश मागे गेले हे दाखवणारा वेगळा आकडा सगळ्या गाड्यांत मिळत नाही. तो नसला तरी काम भागते. योग्य पेट्रोल असताना एखादा ठरलेला चढ ठरलेल्या गिअरमध्ये चढा आणि नोंद साठवून ठेवा. पुढे कमी ऑक्टेन असताना त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच माणसांसह पुन्हा पाहा. टायमिंग बरेच मागे आलेले दिसले तर ईसीयू झगडतो आहे. शेजारी बसलेल्याला मोबाईल द्या, घाटात स्वतः बघत बसू नका.

८. कधी थांबायचे

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला तर हळू चालवत घरी या आणि कोड वाचा. तोच दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. धातूचा खडखडाट ऐकू येऊ लागला, कूलंटचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला, तरी तेच करा. टो करायला जे पैसे जातील ते नवीन शॉर्ट ब्लॉकपेक्षा (पिस्टनसकट इंजिनाचा खालचा भाग) कमीच.

९. पेट्रोलचा दोष नसतो तेव्हा

बऱ्याच वेळा पेट्रोल बरोबर असते आणि इंजिनाचीच ऑक्टेनची भूक वाढलेली असते. आपल्याकडे याचे पहिले कारण लाल माती. उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात गाडी फिरत असेल तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या जाळ्या चिखलाने बुजतात, आत जाणारी हवा थंड होत नाही आणि नॉकिंग सुरू होते. हलक्या धारेच्या पाण्याने धुऊन घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात.

मग एअर फिल्टर, मग स्पार्क प्लग. प्लग पुस्तिकेतल्याच नंबरचा हवा, 'तसाच' दिसणारा नको. ऑइलच्या डब्यावर 'एपीआय एसएन प्लस' किंवा 'एसपी' आहे का ते पाहा. टर्बो इंजिनातल्या त्या अवेळी पेटण्याला आळा घालण्याची चाचणी या दोन श्रेणींत आली. जुनी श्रेणी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

१०. हमखास फसायच्या जागा

*डिझेलचे नोझल.* पिकअप दिसली की पंपावरचा माणूस सवयीने डिझेलकडे वळतो. उतरून स्वतः उभे राहा आणि 'पेट्रोल' हा शब्द मोठ्याने उच्चारा. डिझेलचे नोझल पेट्रोलच्या तोंडात अडेलच असे नाही. थोडे डिझेल गेले तरी मिश्रणाचे ऑक्टेन धाडकन खाली येते. गेलेच तर चावीही फिरवू नका, टाकी उपसून घ्या.

*ऑक्टेन बूस्टरची बाटली.* 'पाच पॉइंट वाढवते' असे बाटलीवर असते. दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक अंक, तेव्हा ती बाटली ९१ चे ९१.५ करते. काहींमध्ये मँगनीज किंवा लोहाचे संयुग असते आणि त्याचा तांबूस थर प्लगवर बसतो.

*विमानाचे पेट्रोल, थिनर, टोल्युइन.* '१०० एलएल' या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसे असते. ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही जातात. भारतात गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीच बंद झाले ते उगाच नाही. थिनर तर नावच काढू नका.

*पंपावरची चाचणी.* फिल्टर पेपर आणि घनतेची चाचणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, जरूर मागा. त्यातून भेसळीचा संशय येतो, पण ऑक्टेन कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून बिलावरचे नाव महत्त्वाचे. पुढे वॉरंटीचा वाद झाला तर सर्व्हिस सेंटरसमोर ठेवायला तुमच्याकडे तोच कागद असतो.

*गरज नसताना महाग पेट्रोल.* ९१ वर बांधलेल्या इंजिनात १०० घातले तर बहुधा काही वाढत नाही. ईसीयूला टायमिंग पुढे नेण्याची मुभा दिलेली असेल तरच फरक दिसतो, आणि तोही स्कॅनरवर.

११. योग्य पेट्रोलवर परतताना

टाकी पाव उरू द्या, मग ९५ किंवा पुस्तिकेत असेल ते भरा. ईसीयूने मागे घेतलेले टायमिंग लगेच परत येत नाही, काही गाड्यांत ते चालवता चालवता हळूहळू शिकले जाते. पहिले काही दिवस साधेपणाने चालवा आणि मग तोच चढ घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. टायमिंग जागेवर आले की बिल आणि नोंद सर्व्हिस बुकात ठेवून द्या. आलेच नाही, तर पेट्रोलला दोष देणे थांबवून प्लग आणि इंटरकूलर बघायला घ्या.

गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर एक काम आधी करा. इथेनॉल हवेतले बाष्प शोषते आणि पाणी जास्त झाले की ते पाण्यासकट तळाशी बसते, वर उरते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. टाकी भरलेली ठेवलीत तर आत हवा कमी राहते आणि हा त्रास टळतो. महिना-दोन महिन्यांनी गाडी चालवून थोडे पेट्रोल संपवा आणि वर ताजे घाला.